कोलंबो कधी इतकं सरळ बोलत नव्हतं

पहिल्या रविवारी काकांनी मला ना एखादं साल सांगितलं, ना एखाद्या रेडिओचं नाव. दाराशेजारचा लाल खटका दाखवला आणि म्हणाले, "हा मेन. धूर आला, वास आला, कुणी किंचाळलं, नुसती शंका आली, तरी आधी हा पाडायचा. काय झालं ते मग बघू." मी मान डोलावली. "पाडून दाखवा." पाडला. अख्खा गाळा अंधारात गेला आणि आतल्या खोलीतून चाचांचा आवाज आला, "अरे, इधर काम चालू है!" गाइड म्हणून माझं शिक्षण सुरू झालं ते असं.

गाळा लोअर परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली छापखाना, शेजारी कुरियरचं गोदाम, आणि मधोमध मालाची लिफ्ट, दिवसभर कण्हत वरखाली करणारी. (ही लिफ्ट लक्षात ठेवा.) आत काकांनी आयुष्यभर जमवलेला पसारा: चोर बाजारातून उचललेले ग्रामोफोन, मोडायला काढलेल्या चाळींमधले रेडिओ, भंगारवाल्याच्या तराजूवरून वाचवलेले टीव्ही. शनिवार-रविवार दोन-दोन फेऱ्या, एका फेरीत बारा माणसं, सव्वा तास. लोकांना हे संग्रहालय वाटतं. काकूंच्या मते घरातली अडगळ भाड्याच्या जागेत नेऊन ठेवली, एवढंच.

मी तिथे गेले ती प्रेक्षक म्हणूनच. १९८२ साली टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि जानेवारी २०२० मध्ये व्हीआरएस घेऊन घरी बसले. नंतर कधीतरी भाच्याला घेऊन हे बघायला गेले. काका एका काळ्या फोनपाशी उभे राहून एक जुनं व्हिजिटिंग कार्ड दाखवत होते. नंबरापुढे कंसात 'पी.पी.'. "म्हणजे प्रायव्हेट फोन," काका म्हणाले. माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "अहो, उलट आहे. पी.पी. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, आम्हाला हाक मारून बोलवा. तो शब्दच मुळात आमच्या ट्रंक बोर्डावरचा, म्हणजे परगावचे कॉल जोडायच्या बोर्डावरचा. पर्टिक्युलर पर्सन. ठरावीक माणूस आला तरच कॉल जोडायचा." काकांनी माझ्याकडे बघितलं, बाराजणांकडे बघितलं आणि म्हणाले, "मग पुढच्या रविवारी तुम्हीच का येत नाही?"

तीन रविवार नुसतं मागे मागे फिरायचं होतं. सोबत काकांची चाळीस पानी वही, पाठ करायला. वहीपेक्षा चाचांकडून जास्त शिकले. चाचा आमचे मेकॅनिक, मूळचे लॅमिंग्टन रोडचे. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तिथे कंडेन्सर घ्यायला जाणारा एकही माणूस ते नाव घेत नाही. त्यांनी मला सिरीज बोर्ड शिकवला. बंद पडून राहिलेला जुना सेट कधीही थेट प्लगमध्ये लावायचा नाही. मध्ये शंभर वॅटचा बल्ब घालायचा. सेटमध्ये कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि सेट वाचतो. ठीक असेल तर बल्ब एकदा उजळतो आणि मंद होत जातो. "बल्ब को देखो, रेडिओ को नहीं," हे चाचांचं पहिलं सूत्र.

दुसरं सूत्र बटणांचं. काही जुन्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, मेनची एक वायर थेट आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर सांगाड्यात पूर्ण २३० व्होल्ट. वरचं बॅकेलाइटचं बटण शाबूत आहे तोवर चिंता नाही, पण ते निसटलं तर खालचा लोखंडी दांडा उघडा. चाचांनी असे सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर टाकले आहेत, म्हणजे मेनशी थेट जोडच उरत नाही, तरीही शाळेची मुलं आली की माझी नजर त्यांच्या तोंडाकडे नसते, बोटांकडे असते.

मग परीक्षा. प्रेक्षक तीन: काका, काकू, चाचा. मी वही घडाघडा म्हटली. २३ जुलै १९२७, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र. १९३६, ऑल इंडिया रेडिओ. ३ ऑक्टोबर १९५७, विविध भारती. २ ऑक्टोबर १९७२, मुंबई दूरदर्शन. १९८२, रंगीत. एकही साल चुकलं नाही. काकूंनी जांभई दिली, तीही न लपवता. "तुम्ही आरती म्हटल्यासारखं म्हणताय हो," त्या म्हणाल्या. "आरतीत निदान टाळ्या तरी वाजवता येतात." मला राग आला. ट्रेनमध्ये करी रोडपासून घाटकोपरपर्यंत राग होता. पण घरी जाऊन वही कपाटात टाकली.

आता फेरी कशी चालते ते सांगते.

सुरुवात ग्रामोफोनपासून. चावी भरायची, सुई बदलायची (पोलादी सुई, दर बाजूला नवी, नाहीतर रेकॉर्ड खरवडते) आणि साडेतीन मिनिटांत गाणं संपतं, कारण ७८ च्या एका बाजूत तेवढंच मावतं. मुलांना मी फक्त एक गोष्ट सांगते: ही काळी तबकडी लाखेची आहे. लाख म्हणजे झाडावरच्या किड्यांनी बाहेर टाकलेला राळेसारखा पदार्थ, लाखेच्या बांगड्यांचीच ती लाख, त्यात दगडाची पूड मिसळलेली. म्हणून ती खाली पडली की काचेसारखी फुटते. एका शाळेच्या फेरीत चौथीतल्या मुलीने हात वर केला आणि विचारलं, "मग ही व्हेज आहे की नॉनव्हेज?" बाईंनी तिला गप्प केलं. मला मात्र अजून उत्तर सापडलेलं नाही.

मग माझं टेबल. दोन काळे डायलचे फोन, मध्ये छोटं एक्स्चेंज. मुलांना मी काही शिकवत नाही. "एकवीस लावा" म्हणते आणि हात मागे बांधून उभी राहते. ती भोकात बोट घालून दाबतात. पुन्हा दाबतात. मग एखादा फिरवतो, पण परत येताना डायलला ढकलतो आणि भलताच नंबर लागतो. तेव्हा सांगते की जाताना काहीच घडत नाही, सगळं घडतं ते परत येताना. डायल सुटली की लाइन टकटक तुटते: पाचाला पाच वेळा, शुन्याला दहा वेळा. एक्स्चेंज ती टकटक मोजतं. आमचं अख्खं मुंबई शहर ह्या मोजणीवर चालायचं. वीज गेली तरी चालायचं, कारण ४८ व्होल्टची बॅटरी एक्स्चेंजमध्ये असायची, तुमच्या घरात नव्हे.

एकदा दोन भाऊ आले, दोघेही साठीच्या पुढचे. एका फोनच्या डायलमध्ये ते चिमुकलं पितळी कुलूप आहे, पूर्वी घरोघरी लावायचे तसं. ते बघून धाकटे गालातल्या गालात हसले. रिसीव्हर उचलला आणि डायलला हातही न लावता वरची खुंटी बोटाने टकटकवली. दोनदा. थांबले. एकदा. पलीकडचा फोन वाजला! खुंटीही लाइनच तोडते ना. थोरले म्हणाले, "अस्सं! म्हणजे ती बिलं तुझी होती." बाबा गेले, त्यांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं. त्या फेरीत पुढचा अर्धा तास मला कुणी विचारलं नाही, सगळे आपापल्या घरातले गुन्हे कबूल करत बसले.

ट्रंक कॉलचं विचारलं तर मात्र मी थांबत नाही. १८० वर बुकिंग, मग वाट पाहणं. ऑर्डिनरी, घाई असेल तर अर्जंट, दुप्पट पैसे. आणि लाइटनिंग, आठपट. लाइटनिंग लागला की बोर्डावरच्या आम्ही सगळ्या जणी क्षणभर गप्प व्हायचो. आठपट पैसे कुणी आनंदाची बातमी सांगायला भरत नाही.

टीव्ही, कॅसेट, कॅल्क्युलेटर ह्यांत मी भराभर पुढे जाते. कॅसेटमध्ये पेन्सिल घालून फिरवण्याची हौस प्रत्येकाला असते, ती करू देते. टीव्हीला लाकडी शटर, समोर रंगीत प्लास्टिकचा कागद, वर आकाश निळं आणि खाली जमीन हिरवी, मग बातम्या देणारी बाई कपाळात निळी. काँप्युटरच्या कोपऱ्यात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनलेल्या टिफ्रॅकचा फक्त फोटो आहे. १९६० मध्ये तो चालू झाला, २,७०० व्हॉल्व्ह (दिव्यासारख्या काचेच्या नळ्या), आणि स्मृती सगळी मिळून दहा केबी. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी येणाऱ्या गुलाबाच्या फुलाला ती पुरणार नाही. काकांच्या वहीत तो 'भारतातला पहिला काँप्युटर' होता. मी खोडून 'भारतात बनवलेला पहिला' केलं, कारण कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत त्याआधीच विलायती यंत्र आलेलं होतं. काकांना ते फारसं आवडलं नाही.

आणि शेवटी रेडिओ. पूर्ण भिंत. मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता, त्यामुळे ठाण्याचं कुणी असलं की ती भिंत आपल्या मालकीची असल्यासारखं उभं राहतं. मी लायसन्सचं पुस्तक दाखवते. रेडिओ ऐकायला पोस्टात जाऊन वर्षाला पंधरा रुपये भरावे लागत, हे तरुणांना खोटंच वाटतं. मग दिवे मंद करायचे आणि मोठा सेट लावायचा. खटका टाकल्यावर अर्धा मिनिट काहीच होत नाही. व्हॉल्व्ह तापायचे असतात. आधी डायल उजळते, मग मागच्या भिंतीवर नारिंगी उजेड, मग हिरवा डोळा हळूहळू उघडतो. सुरुवातीला ह्या अर्ध्या मिनिटात मी घाबरून बोलत सुटायची. काकूंनी खूण केली तेव्हापासून तोंड मिटून उभी राहते.

तर डायलवर गावांची नावं असतात. दिल्ली, लंडन, कोलंबो. मी सांगायची की १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटली, म्हणून देशाने काटा कोलंबोकडे वळवला, रेडिओ सिलोनकडे, आणि बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज यायचा. असं म्हणत काटा कोलंबोवर न्यायची आणि नेमकं तिथेच जुनं गाणं सुरू व्हायचं. बायका डोळे पुसायच्या. एक गृहस्थ त्या लाकडाला हात लावून उभे राहायचे ते हलायचेच नाहीत. सगळ्या फेरीचा कळस तो.

गाणं अर्थातच कोलंबोहून येत नव्हतं. जुन्या रेडिओच्या पाठीमागे रेकॉर्ड प्लेयर जोडायला दोन भोकं असतात. त्यांत एक वायर, वायरीच्या टोकाला चाचांचा मोबाइल, आणि मोबाइलशी आतल्या खोलीत बसलेले चाचा. मी "कोलंबो" म्हटलं की ते बोट टेकवायचे. काकांनी मला हे शिकवताना डोळा मिचकावला होता, आणि मलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. खरंच सांगते, मजा यायची.

पावसाळ्यात एक गृहस्थ आले. सत्तरीपार, ताठ, खिशाला पेन. पूर्ण फेरीभर एक अक्षर बोलले नाहीत. रेडिओ लागला, गाणं झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, गेले. हे मागे थांबले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "ताई, कोलंबो कधी इतकं सरळ बोलत नव्हतं."

मला काही सुचेना.

"शॉर्टवेव्हचा आवाज हेलकावे खातो," ते म्हणाले आणि तळहात पाण्यावरच्या होडीसारखा वरखाली केला. लाट वर जाते, आकाशातल्या थरावर आपटून खाली येते, थर जागचा हलतो, म्हणून आवाज जवळ येतो, लांब जातो, मध्येच बुडतो. मग ते म्हणाले की गाण्याची निम्मी ओढ त्या बुडण्यातच होती; नेमका अंतरा बुडायचा आणि आम्ही सगळे श्वास रोखून सेटला कान लावायचो. ते बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. मोर्स. १९९९ मध्ये बोटींवरची मोर्सची सक्ती गेली आणि ते पदच गेलं. "माझ्यासारखं," मी म्हटलं आणि माझी बोर्डावरची वर्षं सांगितली. ते हसले, पण वायरीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तेच जास्त लागलं.

मी काकांशी भांडले. काका म्हणाले, "लोकांना आनंद मिळतो ना? गणपतीच्या देखाव्यात चंद्र खरा असतो का?" मी म्हटलं, "देखाव्यात आपण चंद्र खरा आहे असं सांगत नाही." काका म्हणाले, टीव्हीलाही आपण डबाच जोडतो, ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालंय, मग तिथे नाही वाटत खोटं? हे मात्र बिनतोड होतं. दोन दिवस उत्तर शोधलं. तिसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की टीव्हीपाशीही सांगू.

तेव्हापासून मी आधी सेट उलटा फिरवते, ती दोन भोकं दाखवते, वायर दाखवते, चाचांना बाहेर बोलावून त्यांचीही ओळख करून देते. मग गाणं. हे करून लोक जास्त खूश झाले असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मेकॅनिक मंडळी आणि शाळकरी मुलं खूश, बाकीच्यांचा चेहरा उतरतो. एक आजी तर निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "नसतं सांगितलंस तरी चाललं असतं गं." त्यांचं चुकलं असं मला अजूनही म्हणवत नाही.

पण एक झालं. चाचा इरेला पेटले. "असली पकडके दिखाता हूँ." दिवाळीनंतर दिवस लहान झाले तशी आम्ही महिन्यातून एक संध्याकाळची फेरी सुरू केली. दिवसा उन्हामुळे आकाशात एक खालचा थर तयार होतो, तो मीडियमवेव्ह गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लांबची स्टेशनं येऊ लागतात. चाचांनी खिडकीतून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत तांब्याची तार ओढली. गाळ्यातले एलईडी दिवे बंद, कारण ते रेडिओत भुणभुण करतात. मोबाइलचे चार्जर काढलेले, वायफायचा डबा बंद, उजेडाला दोन मेणबत्त्या. काकू म्हणाल्या, भूत बोलावताय का?

पहिल्या संध्याकाळी नऊ माणसं. रेडिओ ऑफिसर पुढच्या खुर्चीवर. मीडियमवेव्हवर एक हिंदी भाषण आलं, मग खरखर, मग दोन स्टेशनं एकमेकांत मिसळलेली. शॉर्टवेव्हवर एक चिनी बाई फार आत्मविश्वासाने काहीतरी सांगत होती. आणि मग कुठूनतरी कसलंतरी वाद्य, आठ-दहा सेकंद अगदी कानाशी आल्यासारखं, की लगेच बुडालं. नऊच्या नऊ माणसं पुढे वाकली. ते पुन्हा वर येत होतं आणि तेवढ्यात मालाची लिफ्ट सुरू झाली. कडाडकड! खालच्या छापखान्याचे कागदाचे गठ्ठे वर चालले होते. लिफ्ट थांबेपर्यंत वाद्य गेलं होतं. कोलंबो काही लागलं नाही.

निघताना सगळ्यांकडून वहीत अभिप्राय घेतो. लोक 'खूप छान', 'बालपण आठवलं' असं लिहितात. रेडिओ ऑफिसरांनी खिशातलं पेन काढून लिहिलं: '१४०५ जीएमटी. क्यूएसबी तीव्र. क्यूआरएम: लिफ्ट.' खाली सही. क्यूएसबी म्हणजे आवाजाचं ते हेलकावणं आणि क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी अडथळा, एवढं त्यांनी मला जिन्यात समजावून सांगितलं. आमच्या इस्टेटीच्या लिफ्टचं नाव पहिल्यांदाच कुठल्यातरी नोंदीत गेलं असणार.

सोमवारी सकाळी काकांचा फोन आला. वही वाचत होते. "अहो, ही शेवटची लिफ्टची तक्रार आहे का? सोसायटीला कळवायला हवी का?"